फोन, फोनचा नंबर आणि मधली मी

विम्याच्या अर्जात माझं नाव, पत्ता, जन्मतारीख चटकन भरून झाली. माझ्याविषयी त्या अ‍ॅपला फारसं कुतूहल नव्हतंच. विमा माझा नव्हता, फोनचा होता. मग फोनच्या ओळखीचा रकाना आला. ‘उपकरणाचा युनिक ओळख क्रमांक’, आणि शेजारी लाल चांदणी. ज्या रकान्याला लाल चांदणी असते तो भरल्याखेरीज खालचं ‘पुढे’ हे बटण करडंच राहतं. त्यावर बोट कितीही आपटा.

हेल्पलाइनला फोन लावला. भरपूर संगीत ऐकवून झाल्यावर एक अतिशय नम्र आवाज आला.

“मॅडम, तुमच्या फोनचा जो युनिक नंबर आहे ना, तोच टाकायचाय.”

“पण कुठला?”

“एकच असतो मॅडम. म्हणून तर युनिक.”

उत्तर तर्काला धरून होतं. फक्त खरं नव्हतं. हे मला भाचीनं सांगितलं, जी फोनच्या पोटातल्या गोष्टींवरच पोट भरते. मी तिला अर्जाचं वाक्य वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “मावशी, कुठला हवाय? सिमचा, वायफायचा, ब्लूटूथचा, गूगलचा, जाहिरातवाल्यांचा की कारखान्यातला?”

“विमावाल्यांचा.”

“मग आयएमईआय असणार, म्हणजे फोनचा कायमचा ओळख क्रमांक. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. डायल कर.”

मी आकडे दाबले आणि हिरवं बटण दाबायला बोट उचललं, तोवर शेवटच्या हॅशवरच खिडकी उघडलीसुद्धा. कुणाला फोन लागत नाही, पैसे पडत नाहीत, इंटरनेट लागत नाही. फोन आपल्याआपणच उत्तर देतो. इतकी तत्परता मी या फोनकडून आजवर कुठल्याच बाबतीत पाहिली नव्हती. खिडकीत १५ आकडे होते. त्याखाली आणखी १५ आकडे होते. शिवाय प्रत्येकाच्या डोक्यावर बारकोडच्या काळ्या रेघा.

“दोन आहेत गं!”

“दोन सिमचा फोन आहे ना तुझा. प्रत्येक सिमच्या जागेला एक.”

म्हणजे एकच फोन, पण सरकारदरबारी दोन. कुठला लिहायचा, यावर भाची म्हणाली, पहिला. हेल्पलाइन म्हणाली, कुठलाही. अर्जात याविषयी अवाक्षर नव्हतं. अर्ज लिहिणाऱ्याकडे बहुधा एकाच सिमचा फोन असावा.

बरं, आकडे दिसले म्हणजे मिळाले असं नाही. खिडकीतल्या त्या आकड्यांवर मी बोट दाबून धरलं, दोनदा टिचकी मारली, बोट घासलं. पण कॉपी करण्याची सोय तिथे नव्हती. खाली एकच शब्द, ‘ओके’. तो दाबला की खिडकी बंद. आणि इथे या प्रकरणातला खरा तिढा सुरू होतो, तेव्हा तो जरा सावकाश सांगते.

नंबर फोनमध्ये आहे. अर्जाचं अ‍ॅपही त्याच फोनमध्ये आहे. फोनला स्वतःचा नंबर पाठ आहे. अ‍ॅपला तोच नंबर हवा आहे. दोघं एकाच काचेमागे राहतात. तरी अ‍ॅप फोनला विचारू शकत नाही आणि फोन अ‍ॅपला सांगू शकत नाही. घरात अबोला धरलेली दोन वडीलधारी माणसं समोरासमोर बसून तिसऱ्यालाच “यांना म्हणावं...” असं सांगतात, तसा हा संसार, आणि ते तिसरं माणूस मी. पहिल्या स्क्रीनवरून चार आकडे घ्यायचे, मनात घोळवत दुसऱ्या स्क्रीनवर जायचं, टाकायचे, परत यायचं. जाता-येता मध्येच कुणाचा तरी सुप्रभाताचा संदेश वरून टपकायचा, की हातातले आकडे सांडलेच.

“हे असं का?” मी वैतागून भाचीला विचारलं.

तर हे पूर्वी असं नव्हतं म्हणे. एके काळी अ‍ॅपनं ‘फोन’ची परवानगी मागितली आणि आपण ‘अलाउ’ म्हटलं, की ते खुशाल आयएमईआय वाचून घ्यायचं. विमा कंपनीच नव्हे; टॉर्च, कॅलेंडर, पतंग उडवायचा खेळ, कुणीही. हा नंबर जन्मभर बदलत नाही. एकदा कुणाच्या वहीत गेला की तुम्ही ते अ‍ॅप काढून टाका, फोन पुसून कोरा करा, पुन्हा आलात की ‘हेच ते’ म्हणून ओळखणार. म्हणून २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅपना आयएमईआय आणि सीरियल नंबर वाचायची दारं बंद झाली. कारण मला शंभर टक्के पटलं. टॉर्चला माझ्या फोनचं कूळ कळायची काही गरज नाही. तक्रार एवढीच, की टॉर्चला जे सांगायचं नाही ते मी विमावाल्यांना हातानं नेऊन द्यावं अशी अर्जाची अपेक्षा होती. बंदोबस्त चोख, आणि हमाली माझी.

या १५ आकड्यांची रचना मात्र मला आवडली. पहिले ८ आकडे फोनचं मॉडेल सांगतात. ते जगभरातल्या मोबाइल कंपन्यांची जीएसएमए ही संघटना नेमून देते. पुढचे ६ म्हणजे त्या मॉडेलमधला तुमचा फोन कितवा. शेवटचा एक आकडा फोनविषयी काहीच सांगत नाही. तो राखणदार. आधीचे १४ आकडे तुम्ही नीट लिहिलेत की नाही, एवढंच तो पाहतो. त्याची रीत अशी, की डावीकडून एकाआड एक आकडे, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा असे, दुप्पट करायचे, दुप्पट दोन अंकी झाली तर ते दोन अंक वेगवेगळे मोजायचे, सगळ्यांची बेरीज करायची, आणि ती पुढच्या पूर्ण दहापर्यंत न्यायला जितके कमी पडतात तो शेवटचा आकडा. आयबीएमच्या हान्स पीटर लून या गृहस्थांनी १९५४ मध्ये यासाठी पेटंटचा अर्ज केला होता आणि १९६० मध्ये ते मंजूर झालं. त्यांच्या अर्जालाही सहा वर्षं लागली, हे वाचून मला जरा बरं वाटलं. क्रेडिट कार्डाच्या नंबरामागेही हेच गणित असतं. एक आकडा चुकला तर ते हमखास पकडतं. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी पकडतं, फक्त शून्य आणि नऊ एकमेकांच्या जागी बसले तर त्याला पत्ता लागत नाही. प्रत्येक राखणदाराची झोपायची एक वेळ असतेच.

तर मी १५ आकडे वाहून नेले, राखणदार खूश झाला आणि अ‍ॅप म्हणालं, ‘अवैध क्रमांक. कृपया युनिक डिव्हाइस आयडी भरा.’

हेल्पलाइनचा दुसरा नम्र आवाज म्हणाला, “मॅडम, आयएमईआयसाठी खाली वेगळा रकाना आहे. इथे डिव्हाइस आयडी.”

“तो कुठे मिळेल?”

“सेटिंगमध्ये असतो मॅडम.”

‘सेटिंगमध्ये असतो’ हे ‘देव चराचरात असतो’ याच जातीचं विधान आहे. खोटं ठरवता येत नाही, उपयोग होत नाही. ‘फोनविषयी’ नावाचं पान कुठे यादीच्या तळाशी असतं, कुठे डोक्यावर. आणि हवी ती गोष्ट त्या पानातल्या ‘स्टेटस’ नावाच्या आणखी एका खोलीत. तिथे पोचल्यावर दिसतं की प्रत्येक ओळच एखाद्या गुप्त क्रमांकासारखी नटून बसली आहे. बेसबँड व्हर्जन, कर्नल व्हर्जन, बिल्ड नंबर. यातलं काहीही फोनची ओळख नाही. त्या मॉडेलच्या लाखो फोनांवर हेच शब्द अक्षर न् अक्षर असतात. बिल्ड नंबरवर बोट ठेवून आपलं नशीब अजमावायला गेलं, तर फोन उलटी गिनती करू लागतो आणि सातव्या टिचकीला जाहीर करतो, ‘आता तुम्ही डेव्हलपर आहात!’ इतक्या कमी अभ्यासात मला दुसरी कुठलीच पदवी मिळालेली नाही. अर्जात शिक्षणाचा रकाना नव्हता, नाहीतर तिथेच लिहिली असती.

भाचीला पुन्हा फोन. “डिव्हाइस आयडी म्हणजे काय गं?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. डॉक्टर रिपोर्ट वाचताना गप्प राहतात तशी नव्हे. हसू दाबताना राहतात तशी.

“मावशी, त्यांना अँड्रॉइड आयडी म्हणायचं असेल. १६ अक्षरांचा असतो, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. पण तो तुला देऊन काय करतील?”

“म्हणजे?”

“२०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून तो प्रत्येक अ‍ॅपला वेगळा दिसतो. एका कंपनीच्या अ‍ॅपला जो दिसेल, तो दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपला दिसणार नाही. शिवाय फॅक्टरी रिसेट केलास, म्हणजे फोन पुसून कोरा केलास, की नवा. मुख्य म्हणजे, तो त्यांच्या अ‍ॅपला आपोआप वाचता येतो. तुला विचारायची गरजच नाही.”

घ्या! जो नंबर अ‍ॅपला वाचता येत नाही तो मी वाहून नेला, आणि जो त्याला दिसतोय तो मला विचारला जातोय.

शिवाय या अँड्रॉइड आयडीचा इतिहासही फारसा स्वच्छ नाही. अँड्रॉइड २.२ च्या काळात काही फोन कारखान्यातून बाहेर पडले ते सगळे एकच आयडी घेऊन. ९७७४डी५६डी६८२ई५४९सी. हजारो हातांतले वेगवेगळे फोन, सगळे स्वतःला हेच म्हणवून घेणारे. सीरियल नंबरचीही तीच तऱ्हा. काही स्वस्त फोनांत तो ०१२३४५६७८९एबीसीडीईएफ असा सापडतो. म्हणजे कुणीतरी नमुना म्हणून टाइप केलं, आणि खरा नंबर घालायचा राहून गेला. युनिक नंबरांच्या या दुनियेत माझ्यासारखीच माणसं कामाला आहेत, हा केवढा दिलासा!

उरलेल्या नंबरांची ओळख भाचीनं भरभर करून दिली. वायफायवर फोनची ओळख सांगणारा मॅक पत्ता १२ अक्षरांचा, पण अँड्रॉइड १० पासून फोन सहसा प्रत्येक वायफायला वेगळंच खोटं नाव सांगतो. हे खोटं ओळखायची खूण आहे: त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर ते बनावट. (मी लगेच तपासलं. माझा फोन घरच्या राउटरलाही खोटं नाव सांगतो. इतक्या वर्षांच्या शेजारानंतर!) सिमकार्डाचा नंबर १९-२० आकड्यांचा, सुरुवात ८९ नं, आणि कार्डावर इतक्या बारीक अक्षरांत छापलेला की तो वाचायला फोनचाच कॅमेरा मोठा करून धरावा लागतो. ज्यात घालायचं तेच भिंग. आणि जाहिरातवाल्यांचा आयडी ३२ अक्षरांचा. सगळ्यांत लांब, आणि सगळ्यांत आज्ञाधारक. सेटिंगमधून तो चक्क खोडता येतो. मग अ‍ॅपनी विचारलं तर नुसती शून्यं मिळतात. मी तत्काळ खोडला. त्या अख्ख्या दिवसात फोननं ऐकलेली ती माझी एकमेव गोष्ट.

एक गोष्ट मात्र भाचीनं गंभीरपणे सांगितली. आयएमईआय आत्ताच कागदावर लिहून ठेव. फोन चोरीला गेला की सगळे पहिल्यांदा तोच विचारतात, आणि स्टार-हॅश करायला फोन हातात नसतो. खोक्यावर छापलेला असतो खरा, पण फोनचं खोकं आणि त्याची पावती या दोन वस्तू एकाच घरात एकाच वेळी सापडल्याचं ऐकिवात नाही. काही फोनांच्या सिमच्या ट्रेवरही कोरलेला असतो, म्हणजे तोही फोनबरोबरच चोराकडे. सुदैवानं गूगलच्या हरवलेला फोन शोधायच्या पानावर, आपल्या खात्यातून गेलं, तर फोनच्या नावाजवळच्या छोट्या ‘आय’वर टिचकी मारून तो बघता येतो. लिहून ठेवला. दोन्ही. डायरीत, शेवटच्या पानावर.

डिव्हाइस आयडीच्या रकान्यात शेवटी मी सीरियल नंबर टाकला, कारण अक्षरं आणि आकडे दोन्ही असलेला, स्टेटसच्या खोलीत सापडलेला आणि न बदलणारा तेवढाच होता. अ‍ॅपनं तो बिनतक्रार घेतला. ओ आहे की शून्य, आय आहे की एक, याबद्दल माझ्या मनात असलेली शंका त्याच्या मनात नव्हती. इथे राखणदार नाही ना! ‘पुढे’ हिरवं झालं.

पुढच्या पानावर शेवटची अट होती. ‘स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल करून आयएमईआय क्रमांक दिसत असताना आपल्या फोनचा पुढून स्पष्ट फोटो काढून अपलोड करा. फोटो याच अ‍ॅपमधून, याच फोनच्या कॅमेऱ्याने काढावा.’

मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग तिसऱ्या नम्र आवाजाला विचारलं, “फोननं स्वतःचाच फोटो कसा काढायचा?”

“आरशासमोर उभं राहायचं मॅडम.”

“पण कॅमेरा उघडला की नंबराची खिडकी बंद होते.”

“आधी नंबराचा स्क्रीनशॉट घ्या मॅडम, तो आमचं अ‍ॅप कॅमेऱ्याबरोबर स्क्रीनवर दाखवतं. पुढचा कॅमेरा वापरायचा.”

आरशासमोर उभी राहिले. फोनचं तोंड आरशाकडे, म्हणजे मला दिसते ती फोनची पाठ. फोटोचं बटण पलीकडच्या बाजूला, तेव्हा ते आरशात बघून उलट्या हातानं चाचपडत दाबायचं. डावीकडे जावं तर बोट उजवीकडे. आकडे आरशात उलटे, दिवा काचेवर चमकतोय, हात हलला की सगळं धूसर. पुष्कळ झटापटीनंतर एक फोटो असा आला, की त्यात फोन सरळ होता, चारी कोपरे दिसत होते, १५ आकडे उलटे का होईना पण वाचता येत होते. मी तो पाठवून दिला.

रात्री संदेश आला. ‘आपल्या उपकरणाची ओळख पटली आहे. तथापि फोटोत उपकरणाच्या मागे एक अनोळखी व्यक्ती दिसत आहे. कृपया ती व्यक्ती वगळून फोटो पुन्हा पाठवावा.’