‘आधी एक काय ते ठरवा’ : फुरशाच्या विषाबद्दलच्या आक्षेपाला उत्तर

काका, नमस्कार.

‘वर म्हणता फुरशाच्या विषाने रक्त साकळतं, खाली म्हणता पातळ होऊन थांबत नाही. आधी एक काय ते ठरवा,’ असं तुम्ही माझ्या मजकुरावर लिहिलंत. ‘पातळ’ हा शब्द सवयीने गेला, तो काढलाय. बाकी दोन्ही वाक्यं तशीच ठेवतोय, कारण दुसरं पहिल्यामुळेच घडतं.

विळीवर बोट कापलं की शीर आकसते आणि प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या बारीक पेशी, तिथे चिकटून बोळा बसवतात. हा बोळा कच्चा. त्याला धरून ठेवायला फायब्रिनचे धागे लागतात. ते रक्तात तयार नसतात. त्यांचा कच्चा माल, फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन, रक्तात विरघळलेलं असतं आणि थ्रॉम्बिन हे विकर त्याचे धागे करतं. एरवी थ्रॉम्बिन जखमेपाशीच, बेताने बनतं. फुरशाचं विष ते अंगभर बनवत सुटतं. बारीक बारीक गुठळ्या होतात, शरीर त्या विरघळवतं, आणि या धांदलीत फायब्रिनोजेनच संपतं. फुरसं चावलेल्या तुमच्या पुतण्याच्या प्लेटलेट पावणेदोन लाख, म्हणजे पुरेशा होत्या, तरी नंतर सुईची जागा झिरपत राहिली ती यामुळे. बोळा होता, सूत नव्हतं.

विषाने रक्त साकळतं हे खोटं वाटत असेल, तर घोणशीचं बघा. तिचं विष अगदी विरळ करून मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी 1934 मध्ये लंडनमध्ये हिमोफिलियाच्या (रक्त नीट न साकळण्याच्या आजाराच्या) रुग्णांच्या जखमांवर रक्त थांबवायला वापरलं होतं!

आता ‘डॉक्टर वीस मिनिटं नळीकडे बघत बसले’ याबद्दल. काका, तीच तपासणी होती. सर्पदंशाचं औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते. रक्तस्राव दिसत नसेल तर आधी विष भिनलंय का हे बघतात. 2 मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी आडवी करायची. साकळलेलं रक्त तळाला धरून राहतं, नाहीतर सरळ ओघळतं. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या स्पर्शानेच साकळणं सुरू होतं. साबणाने धुतलेलीही चालत नाही, तीत चांगलं रक्तही नीट साकळत नाही. लॅबमध्ये नवा असताना मी तसली नळी वापरून डॉक्टरांना भर रात्री उगाच पळवलं होतं, तेव्हाच्या शिव्या अजून आठवतात.

आणि सहा तासांनी पुन्हा रक्त घेतलं तो वेळकाढूपणा नव्हता. औषधाने विष मारलं तरी नवं फायब्रिनोजेन यकृतालाच बनवावं लागतं, आणि त्याला साधारण तेवढे तास लागतात.