सेपिया म्हणजे चहात बुडवलेला फोटो नव्हे

कृष्णधवल प्रिंटच्या टोनिंगचा, म्हणजे रसायनाने चित्राचा रंग बदलण्याचा, विषय निघाला की एक ठरलेला मजकूर फिरायला लागतो. सेपिया म्हणजे कागदावर चढवलेला तपकिरी रंग, तो चहा-कॉफीनेही येतो. खऱ्या टोनिंगआधी ब्लीच करावं लागतं आणि त्यात चित्र कायमचं जातं. ब्लीचमध्ये सायनाइड असतं. आणि एवढं करून प्रिंटचं आयुष्य घटतंच.

चहाचं आधी निकालात काढू. चहा कागद रंगवतो, ज्या चांदीच्या कणांनी चित्र बनलेलं असतं तिला हातही लावत नाही. त्यामुळे प्रिंटची पांढरी किनारसुद्धा पिवळट होते. नीट धुतलेल्या सेपिया प्रिंटची किनार पांढरीच राहते, कारण चित्रातल्या काळ्या चांदीचंच सिल्व्हर सल्फाइड झालेलं असतं. जिथे चांदी नव्हती, तिथे तपकिरी व्हायला काही नाहीच.

ब्लीचने चित्र पुसलं जातं, हा समज मात्र डोळ्यांनी पाहिल्यामुळे होतो. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइडच्या द्रावणात प्रिंट टाकला की आधी आभाळ आणि गालांवरचा उजेड विरतो, मग करडे भाग, सगळ्यात शेवटी सावल्या. ट्रेमध्ये उरते फिकट पिवळसर छाया. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच. पण चांदी कागदातच असते, फक्त सिल्व्हर ब्रोमाइडच्या रूपात. तोच प्रिंट धुऊन साध्या उजेडात डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात टाका, चित्र पुन्हा काळं होऊन येतं. थायोयुरिया आणि कॉस्टिक सोड्याच्या टोनरमध्ये टाका, तर तपकिरी.

चित्र खरोखर जातं ते हायपोमुळे, म्हणजे प्रिंट पक्का (फिक्स) करायला वापरलेल्या रसायनामुळे. प्रिंट पुरेसा धुतला नसेल, तर कागदात राहिलेला हायपो आणि फेरिसायनाइड मिळून ट्रेमध्येच फार्मर रिड्यूसर तयार होतो. ई. हॉवर्ड फार्मर यांनी १८८३ मध्ये मांडलेलं हे मिश्रण चांदी विरघळवून टाकतं, आणि ती परत येत नाही. युजीन स्मिथसारखे छायाचित्रकार फेरिसायनाइड जाणूनबुजून वापरून प्रिंटमधले ठरावीक भाग उजळ करायचे. म्हणजे दोष ब्लीचचा नाही, धुण्यात केलेल्या आळसाचा आहे.

सायनाइड नावात आहे खरं, पण फेरिसायनाइडमध्ये ते लोखंडाशी घट्ट बांधलेलं असतं. तीव्र आम्लात मिसळू नका, तापवू नका, एवढं पथ्य पाळायचं. मला जास्त काळजी वाटते दुसऱ्या, म्हणजे टोनरच्या ट्रेची. जुन्या पद्धतीच्या सोडियम सल्फाइडमधून कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू निघतो, आणि जवळ ठेवलेला कोरा ब्रोमाइड पेपरही त्याने धुरकटतो. थायोयुरियाला तसा वास नाही, पण त्याने कर्करोग होऊ शकतो असा संशय आहे. नावाला घाबरून ब्लीच टाळणारे लोक त्यात बिनदिक्कत उघडी बोटं बुडवतात! हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

आयुष्याचं म्हणाल तर नेमकं उलटं आहे. हवेतली गंधकयुक्त संयुगं आणि ताज्या ऑइलपेंटमधून निघणारी पेरॉक्साइडं साध्या चांदीवर हल्ला करतात. जुन्या प्रिंटच्या काळ्या भागांवर, विशेषतः कडेला, निळसर आरशासारखी चकाकी दिसते ती त्यामुळेच. सिल्व्हर सल्फाइड या माऱ्याला कितीतरी चांगलं पुरून उरतं. पुरावा म्हणून दाखवतात ते पिवळे पडलेले फोटो बहुधा अर्धवट फिक्स केलेले किंवा कमी धुतलेले असतात. एकोणिसाव्या शतकातले छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काळातल्या अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर असलेल्या) प्रिंटचा तपकिरीपणा तर त्या प्रक्रियेतूनच येतो, आणि उजळ भागांतला पिवळेपणा अंड्याच्या पांढऱ्याचा. सेपिया टोनिंगचा तिथे संबंधच नाही.

एक अट मात्र आहे. अर्धवट ब्लीच केलं तर सावल्यांमधली चांदी चांदीच राहते, तिला संरक्षण मिळत नाही. म्हणून अनेकजण सेपियानंतर त्या उरलेल्या चांदीसाठी सेलेनियमचं टोनिंग देतात.

आणि एक तक्रार रास्त आहे: टोनिंगनंतर प्रिंट जरा फिका पडतो. त्यासाठी एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर टाकणाऱ्या यंत्राखाली) एक्सपोजर थोडं वाढवून मूळ प्रिंट किंचित गडद काढायचा आणि डेव्हलपरमधून घाईने उचलायचा नाही.