मानग्याच्या घराला थर्माकोल कशाला?

आज एका शाळेतलं विज्ञान प्रदर्शन बघून आलो. राग अजून जात नाही, म्हणून लिहितोय. विषय होता प्राण्यांचा अधिवास. पहिला नंबर गेला दुकानात ऑर्डर देऊन आणलेल्या थर्माकोलच्या जंगलाला. सिंह, जिराफ आणि पेंग्विन एकाच पाटावर! स्प्रे-पेंटने थर्माकोल जिथे विरघळलं, तिथे कापूस चिकटवून बर्फ केलेला. आणि अगदी शेवटच्या बाकावर सहावीतली एक मुलगी गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या कालव्याकाठचं खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन) मांडून उभी होती. खरा चिखल, पाठीवर तिसऱ्यांचे शिंपले लावलेलं मानगे (मगर), आईस्क्रीमच्या काड्यांची मानस (बांधातून पाणी आत-बाहेर करणारी दाराची चौकट). चिखलाला भेगा गेल्या होत्या. "हो चिखोल कित्याक हाडला?" (हा चिखल कशाला आणला?) एवढंच विचारून परीक्षक बाई पुढे गेल्या.

मानशीचं दार त्यांनी बघितलंच नाही. पोर नदीच्या बाजूने बाटलीतलं पाणी ओतायची, दार मिटायचं. शेताच्या बाजूने ओतलं की उघडायचं. भरती-ओहोटीला खाजन कसं चालतं ते दोन पेले पाण्यात दाखवलं तिने. प्रतिकृती बनवणाऱ्या तुम्हा मंडळींना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि चिखलाची लाज कसली? पौष अमावास्येला याच खाजनांच्या काठी लोक चिखलाचं मानगे थापतात, शिंपल्यांचे खवले लावतात, पूजा करतात. मानगे थापणी बघितलेल्या गोव्यात मुलाच्या हाताला लागलेला चिखल घाण वाटतो?

भेगा का गेल्या ते मात्र नीट सांगायला हवं, कारण पुढच्या वर्षी हीच चूक दुसरं कोणी करेल. तिने नुसता चिखल चांगला तीन-चार सेंटिमीटर जाड थापला आणि उन्हात ठेवला. वरचा थर आधी सुकून आकसतो, खालचा ओलाच राहतो, मग फाटणारच. दोन वाट्या चिखलाला एक वाटी बारीक रेती आणि अर्धी वाटी सोडणाचा (नारळाच्या सालाचा) काथ्या बोटाच्या पेरभर तुकडे करून मिसळा. थर एक सेंटिमीटरचाच द्या, ओलं फडकं टाकून सावलीत सुकवा, मग दुसरा थर. त्याआधी एक काम: खाजनाचा चिखल खारा असतो. बालदीत गोड्या पाण्यात ढवळा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी ओता, असं तीनदा. नाहीतर मीठ आपल्या दमट हवेतली ओल ओढत राहतं, वर पांढरी बुरशीसारखी पूड येते आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. मुलांना वाटतं रंग वाईट होता.

पाट १२ मिलिमीटर प्लायचा, ६० बाय ४५ सेंटिमीटर पुरे. पुठ्ठा घेतलात तर दोन्ही बाजूंनी कागद चिकटवा, एकाच बाजूने चिकटवला की तो वाकतो. प्रमाण १:२० धरा. तीन मीटरचं मानगे १५ सेंटिमीटरचं, त्यात जवळपास निम्मी शेपटी. आत उघडी तार घालू नका. चिखल आकसतो, तार आकसत नाही, शेपटी तिथेच तुटते. तारेवर आधी सुतळी गुंडाळा. शिंपले स्वयंपाकघरातलेच, पण उकळून, दोन दिवस कडक उन्हात सुकवून. नाहीतर वर्गात वास सुटतो.

झाडं सगळ्यांची एकसारखी का असतात, हिरव्या स्पंजची? खारफुटीत मुळं बघायची असतात! कांदळ या खारफुटीच्या झाडासाठी ३० सेंटिमीटरच्या १२ बारीक तारा पिळा, खालचा आठ सेंटिमीटर भाग मोकळा सोडून कमानीसारखा वाकवा, वर कागद आणि खळ. तिवराची (दुसऱ्या खारफुटीची) श्वासमुळं चिखलातून सरळ वर येतात. माडाच्या झाडूचे हीर सेंटिमीटरभर वर राहतील असे खोचले की झालं. खऱ्या फांद्या तोडू नका. बाटलीत जिवंत कुर्ली (खेकडा) किंवा निवटी (चिखलातला मासा) कोंडून आणू नका, ती मरू शकते.

पाणी निळं रंगवू नका. आपल्या कालव्याचं पाणी मातकट हिरवं आहे. मगर सहसा गोड्या पाण्यातली, इथे ती मचूळ पाण्यात राहते. मुलाने सांगायची गोष्ट हीच तर आहे. खरं पाणी ओतणार असाल तर कालव्याच्या तळाला दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक आणि काठाला एकास तीन सिमेंट-रेतीचा पातळ गिलावा द्या, नाहीतर बांध तिसऱ्या पेल्याला विरघळतो.

मान्य, कामावरून दमून आलेल्या आईबापांना रात्री दहाला चिखल मळणं जमत नाही. पण मग छोटं करा, नुसती मानस करा. विकत कशाला?

मानशीचं दार नदीच्या बाजूलाच टांगायचं आणि भोकापेक्षा चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठं ठेवायचं, म्हणजे भरतीचं पाणीच ते दाबून धरतं. लाकडी काडी भिजून फुगते म्हणून बिजागरीपाशी दोन मिलिमीटर फट हवी. हलकं दार तरंगतं. त्या पोरीने खालच्या कडेला गरीच्या (मासे धरायच्या गळाच्या) दोरीचं शिसं बांधलं होतं. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, दार वर येत होतं म्हणून. अकरा वर्षांची मुलगी! बाईंचा राग नाही आता माझ्या मनात, त्यांनी दोन मिनिटं थांबायला हवं होतं एवढंच.

तिच्या आईपर्यंत ही पोस्ट पोचली तर: ते खाजन टाकू नका. भेगांच्या कडा ओल्या ब्रशने भिजवा. तोच चिखल गाळून, चार चमच्यांना एक चमचा फेव्हिकॉल घालून, भज्यांच्या पिठाइतका सैल करा आणि काडीने आत दाबून भरा. सुकल्यावर पुन्हा बारीक भेग दिसेल, पुन्हा भरा. दाराला हात लावू नका, ते बरोबर आहे.