आधी ग्रेड ठरवा, मग कवटी मोजा

अभिनंदन! रोटेशनमध्ये तुमचा नंबर लागला आणि तुम्ही मानववंशशास्त्राचे विभागप्रमुख झालात. मंजूर जागा सहा, भरलेल्या दोन, त्यातले एक तुम्ही आणि दुसऱ्या मॅडम मेअखेर रिटायर. बाकी आम्ही सीएचबीवाले आहोतच, तासावर पैसे घेणारे आणि सुट्टीत अस्तित्वातच नसणारे. आणि आता नॅक, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांना ग्रेड देणारी समिती, येतंय. घाबरू नका, मी त्यांच्या तपासणीच्या दोन फेऱ्या अगदी जवळून बघितल्यात, सांगतो तसं करा.

सगळ्यात आधी, खरोखर मोजायला बसू नका. ती चूक आपल्या इरावतीबाई कर्व्यांनी केली होती. बाई पीएचडीला बर्लिनला गेल्या, गाईड ऑयगेन फिशर, आणि साहेबांचं म्हणणं असं की गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू अशी असमान, वाकडी की अक्कल त्यांच्याकडे जास्त असणार, फक्त मोजून सिद्ध करायचं बाकी आहे. बाईंनी खरंच कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की कवटीच्या वाकडेपणाचा नि वंशाचा काही संबंध दिसत नाही. आता मला सांगा, गाईडला काय हवंय हे माहीत असून असं कोणी करतं का? डिग्री मिळाली १९३० साली, पण आजच्या आयक्यूएसीत, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षात, बाई आठवडाभर टिकल्या नसत्या. तुम्ही चारपैकी ३.५१ हा आकडा केबिनच्या भिंतीवर चिकटवा, तिथून वर सगळ्यात वरची ग्रेड, ए प्लस प्लस, आणि मग तिथून उलटं चालत पुरावे गोळा करत या.

पुरावा म्हणजे जिओटॅग फोटो, दुसरं काही नाही. गेल्या वर्षी आमची पोरं रायगडात एका कातकरी वाडीवर पंधरा दिवस राहून आली, दिवाळीनंतर कोणतं घर कुठल्या वीटभट्टीवर जातं, उचल किती घेतात, ती फिटते का, मागे वाडीत कोण राहतं, सगळं घरटी लिहून आणलं. एका पोरीने तर एका म्हातारीपाशी बसून कडूकंद कधी खणायचा, राख घालून कसा उकडायचा, मग वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवायचा म्हणजे कडवटपणा जातो, हे पानं भरभरून उतरवलं. ते नॅकच्या कुठल्या क्रायटेरियात (निकषात) टाकायचं हे विचारायला आयक्यूएसीला तीन फोन केले, शेवटी ते म्हणाले फोटो आहेत का. फोटो होते, पण जिओटॅगचं ॲप एकाच्याही मोबाईलमध्ये नव्हतं. म्हणजे पोरं गेलीच नाहीत. याउलट ९ ऑगस्टला आदिवासी दिन केला, पंचवीस मिनिटं, पाहुण्यांसाठी तारपा वाजवणारे मिळाले नाहीत म्हणून ब्लूटूथ स्पीकर, पण फोटो बेचाळीस आणि सगळ्यांवर अक्षांश रेखांश! हाच तुमचा बेस्ट प्रॅक्टिस.

मग म्युझियम. आमच्याकडे डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे: 'कवटी, निअँडर्थल, प्लास्टर, १ नग, नादुरुस्त'. ऑडिटवाल्यांनी विचारलं, नादुरुस्त आहे तर निर्लेखित, म्हणजे नोंदीतून कमी, का नाही केली? उत्तर द्या, प्रस्ताव पाठवलाय. (पाठवलाच आहे, चार वर्षांपूर्वी.) तोवर फेव्हिकॉल लावून जबडा बसवा आणि काचेच्या कपाटात उजवीकडून दिसेल अशी ठेवा. उंची मोजायचा स्टीलचा दांडा आहे, चार तुकडे जोडले की दोन मीटर होतो, तो आमचे शिपाई मामा जळमटं काढायला वापरतात, त्या दिवसापुरता मागून घ्या.

समिती विचारेल प्लेसमेंट किती. त्यांना आपला विषय म्हणजे मानसशास्त्र वाटत असतं, नाहीतर पुरातत्त्व, एकांनी डायनासोरची हाडं कुठायत असंही विचारलं होतं. दुरुस्त करत बसू नका, सरळ विभागाचं नाव बदला, त्यात कुठेतरी 'डेटा' घाला. तीस तासांचा व्हॅल्यू ॲडेड कोर्स काढा. सामंजस्य करार तर कोणाशीही करा, सही करायला पैसे लागत नाहीत.

आता खरं सांगू का, विषयाचा उपयोग पहिल्यांदा इथेच होतो. मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर बघितलं की लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेने बेटाबेटांवरून फिरतात आणि पांढरी कडी उलट्या दिशेने, कोणी कायमचं ठेवून घेत नाही, पुढे द्यायचंच. कुला म्हणतात त्याला. आपल्याकडे शाल आणि स्मृतिचिन्ह. मी तुमच्या पीएचडीचा एक्स्टर्नल परीक्षक, तुम्ही माझ्या सिलेक्शन कमिटीवर, मी तुमच्या नॅकला, तुम्ही आमच्या बीओएसवर (अभ्यास मंडळावर). माझ्याकडे आलेल्या एका शालीत आधीच्या सत्काराचं कार्ड निघालं होतं, मीही ती पुढे दिली, कार्ड काढून. फक्त एक पथ्य पाळा. विद्यार्थ्यांना नात्यांचे तक्ते शिकवताना, त्रिकोण म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, दोन आडव्या रेघा म्हणजे लग्न, सरावासाठी विद्यापीठातल्या नेमणुका घेऊ नका. एका पोराने घेतल्या होत्या, मामेभाऊ, साडू सगळे बरोबर जोडले होते, इंटर्नलला त्याला सात मार्क पडले.

समितीच्या दिवशी जेवण उत्तम ठेवा, पुरणपोळीवर तूप कोणी विचारून वाढू नये. गेल्या वेळी अध्यक्ष जेवून लॅबमध्ये आले, टेबलावरचा डोकं मोजायचा कॅलिपर उचलला आणि गंमत म्हणून म्हणाले, बघा जरा आमचं डोकं. सगळे हसले. मी दोन्ही टोकं कानांच्या वर नीट टेकवली, आकडा वाचला. एचओडी माझ्याकडे बघत होते, माझं पुढच्या टर्मचं रिन्युअल त्यांच्या टेबलावर होतं.

म्हटलं, सर, ए प्लस प्लस.