दुसऱ्या काट्यावर मोजता येत नाही

दिवाळीत गावी गेलो तर नानांनी गोठ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हाऊ कॅमेरा आपलं घर चीनले दखाडस का रे भो?" मी जळगावात कॉम्प्युटर दुरुस्ती आणि कॅमेरे बसवायचं काम करतो, तो कॅमेराही मीच बसवलेला. म्हटलं, नाना, मला सांगता येणार नाही. नाना म्हणाले, "मंग दुसरा काटावर मोजी ले ना."

खान्देशातल्या शेतकऱ्याला 'चिप' म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. कापूस घ्यायला खेडा खरेदीवाला व्यापारी अंगणात काटा लावतो तेव्हा नानांनी एक गाठोडं आधीच शेजारच्या काट्यावर मोजून ठेवलेलं असतं. काट्यात चिप बसवायची, रिमोट खिशात ठेवायचा आणि काटा मारायचा, हे इकडे लहान पोरांनाही माहीत आहे. २०१७ मध्ये आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या छाप्यांत पेट्रोल पंपांवर अशाच चिपा सापडल्या. मीटर बरोबर, आकडा बरोबर, टाकीत पेट्रोल कमी. पण हे सगळं पकडलं गेलं, कारण लिटरचं माप हातात घेऊन ताडून बघता येतं.

कॉम्प्युटरचं घोडं इथेच अडतं. २०१८ मध्ये 'ब्लूमबर्ग' या अमेरिकी वृत्तसंस्थेने छापलं की सुपरमायक्रो कंपनीच्या सर्व्हर बोर्डांवर चीनमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी हेरगिरीची चिप बसवली गेली. अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन आणि खुद्द सुपरमायक्रो, तिघांनीही साफ नाकारलं. ती चिप आजवर कुणी चारचौघांत टेबलावर ठेवलेली नाही. माझा त्या बातमीवर विश्वास नाही. पण माझ्या टेबलावर रोज मदरबोर्ड असतात. भिंगाखाली तिळाहून बारीक शेकडो पार्ट दिसतात आणि त्यातला एखादा जादा असला तर मला ओळखू येणार नाही, हेही तितकंच खरं.

माल कुठल्या देशाचा, तेवढा झेंडा बघून संशय घेणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. क्रिप्टो एजी ही स्वित्झर्लंडची कंपनी, म्हणजे तटस्थ देशाची. गुप्त संदेशांची यंत्रं जगभरच्या सरकारांना विकायची, गिऱ्हाइकांत भारतही होता. २०२० मध्ये उघड झालं की १९७० पासून तिचे छुपे मालक अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीचं गुप्तहेर खातं होतं. दुसरी गोष्ट, अमेरिकी हेरखात्याची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनच्या कागदांतला २०१४ मध्ये बाहेर आलेला एक फोटो. एनएसए या त्या हेरखात्याची माणसं गिऱ्हाइकाकडे निघालेलं सिस्को कंपनीच्या नेटवर्क यंत्राचं खोकं वाटेत जपून उघडतायत. आत आपलं सामान बसवायचं, पुन्हा पॅक करायचं, पुढे पाठवायचं. कंपनी साव असली तरी माल वाटेत बदलू शकतो.

आणि एक प्रकार तर छुपाही नाही. इंटेलच्या चिपसेटमध्ये 'मॅनेजमेंट इंजिन' नावाचा वेगळा छोटा प्रोसेसर असतो. पॉवर असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही तो जागा राहू शकतो. त्यात चालतं मिनिक्स, अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना शिकवायला लिहिलेली सिस्टीम. ऑफिसांच्या कॉम्प्युटरांसाठी त्यावर लांबून ताबा घ्यायची सोय असते. २०१७ मध्ये तिथे भोक सापडलं. पलीकडून पासवर्डचं जे उत्तर येईल, ते जितक्या अक्षरांचं तितकीच अक्षरं ताडून बघायची, असं कुणीतरी लिहून ठेवलं होतं. कोरं उत्तर पाठवलं की शून्य अक्षरं ताडली, शून्य जुळली, या आत! ही चूक की मुद्दाम? मी चूकच म्हणतो. हेर इतकं ढिसाळ काम करत नाहीत. पण आत येणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? दुरुस्ती आली ती बहुतेकांनी टाकलीही नसेल. यात मला जास्त खटकतं ते हे, की पैसे माझे, मशीन माझं, आणि हा प्रोसेसर पूर्ण बंद करायचं साधं बटण मला दिलेलं नाही.

आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची मॉडेलं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय विकता येत नाहीत. धंद्यात याच्यावर खूप कुरकुर आहे, माल महागला वगैरे. मला नियम पटतो. पण वैधमापनवाले दरवर्षी एकेक काटा तपासून शिक्का मारतात. कॅमेऱ्यात तपासलं जातं ते मॉडेल. माझ्या दुकानात येणारं खोकं कुणी उघडत नाही, आणि आधी भिंतींवर ठोकलेल्या कॅमेऱ्यांना तर कुणी विचारतच नाही. गावोगावी ते कॅमेरे मीही ठोकलेत.

नानांच्या गोठ्यात मी त्या दिवशी एवढंच केलं, रेकॉर्डरची इंटरनेटची वायर काढली. रेकॉर्डिंग घरातल्या घरात, बाहेर काही जायला वाटच नाही. नाना खूश. चौथ्या दिवशी सकाळी सहाला फोन: "ती वायर लाई दे रे भो, मोबाईलमा ढोरं दिसतस नही."