अफगाण चर्च: ‘सोळा हजार इंग्रज’ आले कुठून?

कुलाब्याच्या अफगाण चर्चचा फोटो दिसला की त्याखाली एक मजकूर हमखास असतो. १८४२ साली काबूलहून माघार घेताना १६ हजार इंग्रज सैनिक मारले गेले, एकच डॉक्टर वाचला, त्यांच्या आठवणीसाठी इंग्रजांनी स्वतःच्या पैशाने हे चर्च उभारले, मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध शून्य, असा त्याचा आशय. लोक भक्तिभावाने किंवा चिडून तो पुढे पाठवतात. मला राग येतो तो दुसऱ्याच कारणाने: या चार ओळींत आपलीच माणसे पुसली जातात.

आधी तो आकडा. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात ६ जानेवारी १८४२ला काबूलची छावणी सोडून निघालेल्यांत लढणारे होते सुमारे ४,५००. त्यातले गोरे जेमतेम ७००, मुख्यतः ४४व्या पलटणीचे. बाकी सगळे हिंदी शिपाई आणि घोडेस्वार. उरलेले जवळपास १२ हजार म्हणजे बाजारबुणगे: भिस्ती, उंटवाले, डोलीवाले, धोबी, नोकरचाकर, त्यांची बायकापोरे. पानिपतच्या बखरी वाचलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. बर्फात, घाटात, पोटात अन्न नसताना मेले ते बहुतांशी हे लोक. ‘१६ हजार इंग्रज’ म्हणणे म्हणजे मेल्यावर त्यांची ओळखही काढून घेणे होय.

‘एकच वाचला’ हेही खरे नाही. १३ जानेवारीला जलालाबादच्या तटाशी पोहोचलेला डॉक्टर विल्यम ब्रायडन हा त्या वाटेने त्या दिवशी तिथवर आलेला एकटा गोरा. १८७९ साली रंगवलेल्या एका गाजलेल्या चित्राने तो लोकांच्या मनात कायमचा बसला. पण ओलीस ठेवलेले शंभराच्या आसपास इंग्रज, बायकामुलांसह, सप्टेंबरमध्ये सुटले. आणि इंग्रज फौज पुन्हा काबूलला पोहोचली तेव्हा हिमदंशाने हातपाय झडलेले शेकडो हिंदी शिपाई आणि बाजारबुणगे तिथे भीक मागत जगत होते. ब्रायडन तरी कुणामुळे वाचला? मरणाच्या दारात असलेल्या एका हिंदी सैनिकाने त्याला आपले तट्टू दिले म्हणून.

आता ‘काबूलच्या माघारीचे स्मारक’ हा भाग. चर्चमधला लेख सरळ सांगतो की ते १८३८ ते १८४३ या काळातल्या सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत तलवारीने वा आजाराने मेलेल्यांसाठी आहे. हा तपशील किरकोळ नाही. काबूलहून निघालेली फौज मुख्यतः बंगाल इलाख्याची होती. मुंबईची फौज गेली सिंधच्या वाटेने: जॉन कीनच्या हाताखाली १८३८च्या अखेरीस सिंधच्या किनाऱ्यावर उतरली, बोलन घाट चढली, जुलै १८३९मध्ये गझनीच्या वेढ्यात आणि नोव्हेंबरात कलातला लढली. पुढे १८४३ला चार्ल्स नेपियरने सिंधमधली मियाणीची लढाई जिंकली, तेव्हा त्याच्याकडे गोरी पायदळ पलटण एकच होती, २२वी. बाकीचे पायदळ मुंबई फौजेचे.

मुंबई फौज म्हणजे कोण? उत्तरेकडून आलेले ‘परदेशी’ होते, आणि तितक्याच हक्काने कोकणातले, देशावरचे मराठे आणि महार होते. मग ‘मराठी माणसाचा संबंध शून्य’ कसा? बलुचिस्तानातल्या मरी टोळ्यांच्या मुलखात काहान नावाचा किल्ला आहे. १८४०च्या मे महिन्यात मुंबईच्या ५व्या पलटणीची दीडशेच्या आसपास माणसे कॅप्टन ब्राऊनच्या हाताखाली तिथे अडकली. रसद आणायला गेलेली तुकडी घाटात कापली गेली. ऑगस्टअखेर सोडवायला आलेली फौज नफुस्कच्या घाटात मागे हटली. गोळीने मेले तसे तहानेनेही मेले. सप्टेंबरअखेर वाटाघाटी करून ब्राऊनने उरलेली माणसे बाहेर काढली. ती पाचवी आज भारतीय सेनेत मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन आहे, ‘काळी पाचवी’, आणि काहान हा तिचा युद्धसन्मान आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे माहीत असते तर ‘शून्य’ लिहिताना त्याचा हात थांबला असता.

पैशाचे थोडक्यात: मनोऱ्याचे काम रखडले तेव्हा कावसजी जहांगीर या पारशी दात्याने ७,५०० रुपये दिले. पायाभरणी डिसेंबर १८४७ची, चर्चच्या पवित्रीकरणाचा विधी जानेवारी १८५८चा, मनोरा पुरा झाला १८६५ला. तो सुमारे ६० मीटर उंच आहे, कारण जागा देताना सरकारची अट होती की बंदरात येणाऱ्या जहाजांना तो खूण म्हणून दिसावा. आराखडा हेन्री कोनीबेअरचा; मुंबईला विहारचे पाणी आणण्याची योजनाही त्याचीच.

त्या जानेवारी १८५८वर मात्र थांबावेसे वाटते. काबूलच्या वाटेवर संपलेल्या बंगाल पलटणींत ३७वी आणि ५४वी होती. पुन्हा उभ्या केलेल्या त्याच पलटणी १८५७ला उठल्या, ५४वी दिल्लीत, ३७वी बनारसला. कुलाब्यात प्रार्थना चालली होती तेव्हा उत्तरेत लढाई संपलेली नव्हती.

हे चर्च साम्राज्याचे स्मारक आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. आक्षेप घ्यायचाच तर भिंतीवर घ्या: अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत, आणि साधे सैनिक ‘नावे लिहिता येणार नाहीत इतके’ म्हणून एका वाक्यात आटोपले आहेत. निदान पलटणींची नावे तरी, मराठीत, आवारात एका फलकावर लागावीत. काहानच्या पाचवीपासून सुरुवात करता येईल.