डोडाफ शिकून ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी? साफ खोटं

धुळ्याहून भाच्याने फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हाई खरं शे का?" फॉरवर्डमधला दावा असा: डोडाफ हे अमेरिकन सैन्याचं गुप्त सॉफ्टवेअर आहे, माहिती भरली की युद्धाची योजना तयार होते, 3 दिवसांत शिका आणि वरणगाव-भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत थेट नोकरी मिळवा. फी 18 हजार. ताई बांगडी मोडायला निघाली होती, म्हणून हे लिहितोय.

गुप्त म्हणे! अमेरिकी संरक्षण खात्याने 2010 मध्ये काढलेली डोडाफची (म्हणजे 'डिपार्टमेंट ऑफ डिफेन्स आर्किटेक्चर फ्रेमवर्क'ची) 2.02 आवृत्ती इंटरनेटवर फुकट वाचता येते. भाच्याला तीच पाठवली. अमुक सॉफ्टवेअरच वापरा असं त्यात कुठेही नाही. यंत्रणेची गरजेपुरतीच चित्रं काढा, असं आहे.

कारण डोडाफ म्हणजे कुठलीही मोठी यंत्रणा चित्रांनी कागदावर मांडायची पद्धत. चोपड्याकडची केळीची कापणी घ्या. व्यापारी मुकादमाला कळवतो, मुकादम मजुरांना आणि ट्रकवाल्याला. कोण कोणाला काय कळवतं, हे एक चित्र. निरोप फोनवर जातो की चिठ्ठीने, काटा कुठला, हे दुसरं. व्यापारी क्विंटलमध्ये बोलतो, मुकादम घड मोजतो. मग माप कुठलं धरायचं, हे तिसरं. गोंधळ कुठे होणार ते चित्रांत आधीच दिसतं, पण घड माणसालाच उतरवावा लागतो. युद्धाची योजनाही अधिकारीच करतात.

1991 च्या आखाती युद्धात हवाई हल्ल्यांचा रोजचा आदेश अमेरिकी नौदलाच्या विमानवाहू जहाजांना संगणकावर घेता येत नव्हता. तो विमानाने नेऊन हातात द्यावा लागे. एकाच देशाची दोन दलं, आणि यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत! असल्या अडचणींवर उपाय म्हणून 1996 मध्ये अशी चित्रं काढायचा पहिला आराखडा आला आणि 2003 मध्ये त्याचं डोडाफ झालं.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. अमेरिकेत संरक्षण प्रकल्पांमध्ये ही चित्रं खरोखर मागतात. पण ती काढणारे त्या यंत्रणांवर वर्षानुवर्षं काम केलेले इंजिनिअर असतात.

आता नोकरी. या थापेवर मला सगळ्यात जास्त संताप आहे. वरणगावला काडतुसं बनतात. 1 ऑक्टोबर 2021 पासून ती फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे, भुसावळची यंत्र इंडिया लिमिटेडकडे. दोन्ही सरकारी कंपन्या. भरतीची जाहिरात निघते, तिच्यात पद, पात्रता, वयाची अट छापलेली असते. भाच्याचा आयटीआय फिटर आहे, तो तिथे कामाला येईल. खासगी क्लासचं 3 दिवसांचं सर्टिफिकेट दाखवून तिथे कोणी "थेट" आत जात नाही. क्लासवाल्याला मी फोन करून विचारलं, कुठल्या जाहिरातीत डोडाफ मागितलंय ते दाखवा. "आधी फी भरा, मग सांगतो," म्हणाला.

ताईने पैसे भरलेले नाहीत. ज्यांनी भरलेत त्यांनी पावती आणि तो फॉरवर्ड जपून ठेवा, फी लेखी परत मागा. देत नसेल तर पोलिसांत तक्रार करा.